शिकागोचे ऑनलाइन मराठी कोश: लिहिणाऱ्याच्या किती कामाचे?

मराठीत लिहिणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या, दुसऱ्यांची हस्तलिखितं तपासणाऱ्या माणसाला आज फुकटात मिळणारं सगळ्यांत मोलाचं साधन म्हणजे शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ या संकेतस्थळावरचे मराठी कोश. नोंदणी नाही, वर्गणी नाही, जाहिराती नाहीत. पण पुष्कळ जण तिथे एकदा जातात, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या शोधपेटीत ‘पाच’ टाकतात, आणि समोर पाच म्हणजे पाचू हे रत्न येतं. चार आणि सहा यांच्यामधल्या संख्येचा पत्ता नसतो. मग ‘जुनाट आहे, आपल्या उपयोगाचं नाही’ म्हणून खिडकी बंद होते. संख्या तिथे आहे, पण ‘पांच’ अशी. अशा दहा-पंधरा गोष्टी ठाऊक असल्या की हे संकेतस्थळ रोजच्या कामाचं होतं, आणि ठाऊक नसल्या की निरुपयोगी वाटतं. म्हणून इथे कोशांची थोरवी कमी सांगितली आहे. वापर कसा करायचा, कुठे अडतं आणि का अडतं, हे जास्त.

मराठीचे पाच कोश तिथे आहेत. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली पहिल्यांदा निघाला तेव्हा त्यात सुमारे ४०,००० शब्द होते. संकेतस्थळावर आहे ती १८५७ ची वाढवलेली दुसरी आवृत्ती, सुमारे ६०,००० शब्दांची. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हा मराठी-मराठी. त्याचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात पुण्यात निघाले आणि पुरवणी १९५० साली. या दोघांवरच पुढचं बहुतेक लिखाण आहे, कारण लेखकाचं खरं काम तिथेच होतं. श्रीधर गणेश वझे यांचा १९११ चा आर्यभूषण शालेय कोश सुटसुटीत आहे. अर्थ पटकन हवा असेल तर ठीक, त्यापलीकडे त्याच्याकडे फारसं जावं लागत नाही. मॅक्सीन बर्नसन यांचा १९८२-८३ चा मूलभूत मराठी-इंग्रजी कोश मराठी शिकणाऱ्यांसाठी केलेला आहे. छोटा, पण पाचांतला आजच्या लेखनाच्या सर्वांत जवळचा. आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा १९९९ चा जुन्या मराठीचा कोश हा शिलालेख, महानुभाव वाङ्मय, ज्ञानेश्वरी अशा मजकुरासाठी आहे. त्याची गरज वर्षातून थोड्या वेळा लागते, पण लागते तेव्हा दुसरं काही चालत नाही.

आता अडचणीकडे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ लेखननियम १९६२ साली शासनाने मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. आज आपण लिहितो ते या अठरा नियमांनुसार. मोल्सवर्थ, वझे आणि दाते हे तिन्ही कोश त्याआधीचे, त्यामुळे शीर्षशब्द जुन्या लेखनात आहेत. यंत्राला ‘गाव’ आणि ‘गांव’ हे दोन वेगळे शब्द वाटतात, तिथेच शोध फसतो.

जुनं लेखन तीन जागी वेगळं पडतं आणि प्रत्येक जागेचा उपाय वेगळा आहे.

पहिली जागा शब्दाच्या शेवटी. नपुंसकलिंगी एकारान्त शब्दांवर अनुस्वार असे: केळें, डोकें, खोबरें, भांडें. ऊकारान्तांवरही: वासरूं, पाखरूं, पिलूं. मोती हा ‘मोतीं’ असा. प्रत्येक क्रियापद ‘-णें’ असं संपतं: करणें, बसणें. अव्ययांवरही हाच प्रकार: आतां, येथें, नाहीं, मागें. इथे उपाय सोपा आहे. शोधताना ‘तंतोतंत’ हा पर्याय न घेता ‘या अक्षरांनी सुरू होणारे’ हा घ्यायचा. ‘केळे’ टाकलं तरी ‘केळें’ सापडतो, कारण अनुस्वार शेवटी जोडलेलं चिन्ह आहे आणि आधीची अक्षरं तीच आहेत.

दुसरी जागा शब्दाच्या पोटात, आणि हीच खरी त्रासाची. गांव, नांव, पांच, दांत, कांटा, धांवणें, हांसणें, हांक, वांकडा, कांहीं. इथे सुरुवातीपासून शोध घेतला तरी उपयोग नाही, कारण दुसऱ्याच अक्षरावर वाट चुकते. ढोबळ खूण अशी की मूळ संस्कृत शब्दात अनुनासिक असेल तर जुन्या लेखनात टिंब असण्याचा संभव मोठा: पञ्च-पांच, दन्त-दांत, कण्टक-कांटा, ग्राम-गांव, नाम-नांव. पण ही खूण सगळीकडे लागू नाही. ओंठ, केंस, घांस यांच्या मुळाशी ओष्ठ, केश, ग्रास आहेत, तिथे अनुनासिक नाही, तरी टिंब आहे. म्हणून व्यवहारात करायचं ते एवढंच: शब्द सापडला नाही की पहिल्या दीर्घ स्वरावर अनुस्वार देऊन पुन्हा शोधायचं. दाते कोशात कुठे कुठे पर्यायी रूप कंसात घालून दोन्ही लेखनं एकाच शीर्षशब्दात कोंबलेली असतात, तिथे तंतोतंत शोध दोन्ही रूपांना चुकवतो. अशा वेळी पहिलं एकच अक्षर टाकून यादी उघडावी आणि डोळ्यांनी खाली उतरावं.

तिसरी जागा शेवटच्या इकार-उकाराची. आज आपण कवी, मती, शक्ती, गुरू, वस्तू लिहितो. जुन्या कोशांत तत्सम शब्द ऱ्हस्व आहेत: कवि, मति, शक्ति, गुरु, वस्तु. अस्सल मराठी शब्द मात्र तेव्हाही दीर्घच: वाडी, लाडू. इथे शेवटची वेलांटी किंवा उकार गाळून ‘शक्त’ एवढंच टाकायचं.

टंकलेखनाबद्दलही सांगायला हवं, कारण निम्मे शोध तिथेच वाया जातात. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवणारे फोनवरचे कळफलक बहुधा ‘केळें’ किंवा ‘पांच’ लिहू देत नाहीत. आपल्या मनाने सुधारून ‘केळे’, ‘पाच’ करतात. संगणकावर इनस्क्रिप्ट हा थेट देवनागरी कळांचा फलक घेतला तर प्रत्येक खूण हुकमी येते: अनुस्वार एक्सच्या कळीवर, पाय मोडण्याचं चिन्ह डीच्या कळीवर, ळ शिफ्ट-एनवर आणि ऱ शिफ्ट-जेवर. फोनवरही मराठीसाठी थेट देवनागरी कळांचा फलक निवडता येतो. कोशाच्या कामापुरता तो चालू करून ठेवावा.

त्या ऱ बद्दल थोडं जास्त. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘चऱ्हाट’ यांतला र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तऱ्हा म्हणजे नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, त्याचा पाय मोडून पुढे य. दुसरी म्हणजे साधा र, पाय मोडायचा, मग न दिसणारं जोडचिन्ह आणि नंतर य. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला वेगळे. आपण एका तऱ्हेने टाकलं आणि साठ्यात दुसरी असली तर उत्तर ‘नाही’ येतं आणि कारण डोळ्यांना कळत नाही. त्यामुळे असा शब्द असेल तर जोडाक्षराच्या आधी थांबायचं. ‘चऱ्हाट’ हवं असेल तर ‘च’ च्या पुढे न जाता यादी घ्यायची किंवा सरळ अर्थाकडून शोधायचं. अर्थाकडून कसं शोधायचं ते पुढे आहे.

मोल्सवर्थचं नाव निघालं की लोक अर्थ बघायचा कोश समजतात. इंग्रजी अर्थ त्यात आहेतच आणि उत्तम आहेत, पण मराठीत लिहिणाऱ्याला त्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट वेगळी आहे. पुष्कळ नामांच्या नोंदीत मध्येच इंग्रजी ‘व्ही’ हे एक अक्षर येतं आणि त्यापुढे देवनागरीत दोन-चार धातू: कर, दे, घे, घाल, मार, काढ असे. त्या नामाबरोबर मराठी माणूस कुठली क्रियापदं वापरतो, याची ती यादी आहे. काही ठिकाणी बरोबरच्या शब्दाची विभक्ती कुठली, हेही सांगितलेलं असतं.

याची गरज का पडते, ते आजचं कुठलंही वर्तमानपत्र किंवा भाषांतर उघडलं की कळतं. नामं मराठी असतात आणि क्रियापदं इंग्रजीच्या मागे मागे जातात. सगळीकडे ‘करणे’, ‘घेणे’, ‘देणे’ आणि ‘होणे’. नवस नुसता करत नाहीत, बोलतात आणि फेडतात. सूड उगवतात. वचपा काढतात. कौल लावतात. पैज मारतात. आळ घेतात किंवा घालतात. दवंडी पिटतात. शिवी हासडतात. हे ज्याच्या कानावर लहानपणापासून पडलं त्याला कोशाची गरज नाही. पण शहरात, इंग्रजी शाळेत वाढलेल्या आणि आता मराठीत लिहू पाहणाऱ्या पिढीला ही जोडी शिकवणारं दुसरं सोयीचं साधन नाही. भाषांतराचा खर्डा हाती आला की त्यातली नामं घ्यावीत, एकेक मोल्सवर्थमध्ये बघावं आणि क्रियापद बदलून पाहावं. दोन पानांच्या खर्ड्याला अर्धा तास लागतो आणि मजकुराचा पोत बदलतो. यादीतलं प्रत्येक क्रियापद आज चालेल असं नाही. दीडशे वर्षांत काही जोड्या मेल्या आहेत. त्यामुळे निवड कानानेच करायची. कोश फक्त पर्याय पुढे ठेवतो.

लिंगाचंही तसंच. बाग तो की ती, ढेकर तो की ती, तंबाखू तो, ती की ते, व्याधी तो की ती, यावरून संपादकांचे वाद होतात. मोल्सवर्थ आणि दाते दोघंही अशा शब्दांना जिथे दोन-तीन लिंगं चालतात तिथे ती सगळी नोंदवतात. लेखकाने एक धरलं असेल आणि कोशात ते असेल, तर संपादकाने हात लावू नये. बदलायचंच असेल तर पुस्तकभर एकच ठेवण्यासाठी बदलावं, ‘शुद्ध’ करण्यासाठी नाही.

दाते कोशाची वाचायची रीत वेगळी. शीर्षशब्दानंतर ‘पु.’, ‘स्त्री.’, ‘न.’, ‘वि.’, ‘सक्रि.’, ‘अक्रि.’ असं व्याकरण, मग अर्थांना क्रमांक, मध्ये मध्ये अवतरणं, शेवटी चौकटी कंसात व्युत्पत्ती. अवतरणाखाली ‘ज्ञा.’ आणि पुढे दोन आकडे असले तर ज्ञानेश्वरीचा अध्याय आणि ओवी. अर्थाआधी गोल कंसात ‘गो.’, ‘कु.’, ‘को.’, ‘व.’, ‘ना.’ अशी अक्षरं दिसली तर तो शब्द किंवा अर्थ अनुक्रमे गोवा, कुडाळ, कोकण, वऱ्हाड, नागपूर या भागांतला. कथेतलं पात्र वेंगुर्ल्याचं आहे आणि तोंडी घातलेला शब्द अकोल्याचा आहे, ही चूक इथे पकडता येते. संक्षेपांची पूर्ण यादी छापील विभागांच्या सुरुवातीला आहे. ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर या विभागांच्या स्कॅन प्रती आहेत, त्यातली संक्षेपांची पानं उतरवून घेतली की रोजचं काम सोपं होतं.

दात्यांत वाक्प्रचार आणि समास स्वतंत्र शीर्षशब्द म्हणून शोधू नयेत. ते मूळ शब्दाच्या पोटात असतात, आणि शीर्षशब्द पुन्हा न छापता त्याच्या जागी ‘॰’ असं छोटं वर्तुळ असतं. ‘॰करणें’ दिसलं की वरचा शब्द अधिक करणें असं वाचायचं. डोळे वटारणे हवं असेल तर ‘डोळा’ उघडायचा. ‘पाणी’ हीच नोंद घ्या. पाणी सोडणे, पाणी पाजणे, पाणी जोखणे, पाणी मुरणे, पाणी लागणे, पाण्यात पाहणे. एकेका वाक्प्रचारामागे वेगळा व्यवहार आहे. पाणी सोडणे दान देतानाच्या उदकातून आलं. पाणी लागणे म्हणजे परक्या गावचं पाणी न मानवून आजारी पडणं. पाणी मुरतं ते भिंतीत किंवा जमिनीत, बाहेरून न दिसता. अशा सलग नोंदी वाचताना कुठल्या वाक्प्रचारात मूळ चित्र अजून जिवंत आहे आणि कुठल्यात ते झिजून गेलं आहे, हे लेखकाला कळायला लागतं. हात, पाय, डोळा, तोंड, पोट, पाणी, घर, वाट अशा शब्दांच्या नोंदी ओळीने वाचून काढाव्यात, असं मनापासून सुचवावंसं वाटतं. कामापुरतं बघणाऱ्याला त्या लांबलचक वाटतील. लिहिणाऱ्याला तसं वाटायला नको.

पुरवणी विभाग विसरू नये. एखादा शब्द मुख्य कोशात आणि पुरवणीत असा दोनदा असू शकतो आणि दुसऱ्या नोंदीत नवा अर्थ किंवा जास्तीचं अवतरण असतं. निकालात तोच शब्द दोनदा दिसला तर खालचा वगळू नये.

छापील कोशात जे करताच येत नाही आणि इथे येतं, ते म्हणजे नोंदीच्या संपूर्ण मजकुरात शोध. शोध फक्त शीर्षशब्दांत घ्यायचा की सगळ्या मजकुरात, हा पर्याय आहे. दुसरा घेतला की कोश उलटा फिरतो. अर्थ ठाऊक आहे, शब्द ठाऊक नाही, अशा वेळी हाच मार्ग. मोल्सवर्थचे अर्थ इंग्रजीत असल्याने तिथे इंग्रजी शब्द टाकायचा. दोरासाठीचा चार अक्षरी इंग्रजी शब्द टाकून पाहा. शेतीच्या आणि गुरांच्या जगातले दोर एकेक करून वर येतात: जाडंभरडं चऱ्हाट, गुराला खुंट्याशी बांधायचं दावं, नाकातली वेसण, तिला जोडून गाडीवानाच्या हातात असणारा कासरा, मोटेचा जाड नाडा, मोटेच्या सोंडेचा सोंदूर, वळलेला सुंभ. कादंबरीत शेतकरी नुसता ‘दोरी’ ओढत असेल तर वाचकाला विहीर दिसत नाही. नाडा आणि सोंदूर वेगळे आहेत हे लिहिणाऱ्याला कळलं, तर मोट कशी चालते तेही त्याला कळलेलं असतं. विहिरीपासून दूर उतरत जाणारी धाव, बैल तिच्यावरून पुढे जाताना नाडा ताणला जातो, मोट वर आली की सोंदुरामुळे सोंड थारोळ्यात मोकळी होते आणि पाणी पाटाला लागतं.

या शोधात एक खाच आहे. ‘अक्षरं शब्दात कुठेही’ असा पर्याय ठेवला तर युरोपचा उल्लेख असलेली नोंदही निकालात घुसते, कारण इंग्रजीत युरोपच्या नावाची शेवटची चार अक्षरं दोराचीच आहेत. असा छोटा इंग्रजी शब्द असेल तेव्हा पूर्ण शब्दाचाच पर्याय घ्यावा.

दात्यांत असा शोध मराठीतून घ्यायचा असतो, आणि तिथे सामान्यरूप आडवं येतं. ‘पाऊस’ टाकलं तर ‘पावसाची झड’, ‘पावसाळी वारा’ असे मजकूर सुटतात, कारण विभक्ती लागली की ‘पाऊस’चा ‘पावस’ होतो. म्हणून दोनदा शोधायचं: एकदा ‘पाऊस’, एकदा ‘पावस’. ‘विहीर’ आणि ‘विहिर’, ‘फूल’ आणि ‘फुल’, ‘माणूस’ आणि ‘माणस’, ‘गाय’ आणि ‘गाई’, सगळीकडे हेच. शिवाय अर्थाचा मजकूरही जुन्या लेखनात आहे. ‘गावाचा’ नाही, ‘गांवाचा’. नांगराच्या भागांसाठी ‘नांगर’ टाकलं की रुमणं, हळस, फाळ, जू, शिवळ असे शब्द वेगवेगळ्या पानांवरून एकत्र येतात. सुतार, कुंभार, कोष्टी, तांबट यांच्या कामातले शब्दही असेच गोळा करता येतात. निकाल शेकड्यांनी आले तर धंद्याच्या नावासोबत अवजाराचं किंवा कच्च्या मालाचं नाव बदलून बदलून शोधावं. ‘कुंभार’ ऐवजी ‘चाक’, ‘माती’, ‘भट्टी’, ‘मडकें’.

आता उणिवा. कोशांचा मजकूर हाताने भरलेला आहे, त्यामुळे टंकनाच्या चुका आहेत. विशेषतः वेलांट्या, जोडाक्षरं आणि अवतरणांचे आकडे. शब्द चमत्कारिक वाटला तर स्कॅन प्रतीशी ताडून पाहावा, त्याआधी लेखात वापरू नये. संकेतस्थळाची सगळी मांडणी इंग्रजीत आहे आणि निकाल रूक्ष, एका रांगेत येतात. दाते कोशातली मोठी नोंद एकाच लांब परिच्छेदासारखी दिसते, अर्थांचे क्रमांक डोळ्यांत भरत नाहीत. फोनवर तर ती वाचणं जिकिरीचं होतं. हे काम संगणकाचं आहे. पाच कोश पाच स्वतंत्र पानांवर आहेत, म्हणून वापरणाऱ्याने निदान तीन खिडक्या उघड्या ठेवाव्यात: आजच्या रूपासाठी बर्नसन, क्रियापदं आणि उलट्या शोधासाठी मोल्सवर्थ, बाकी सगळ्यासाठी दाते. कोशातलं लेखन उचलून तसंच छापायला देऊ नये हे वेगळं सांगायला नको. चालू नियमांचा लेखनकोश हाताशी हवाच.

मजकुराच्या उणिवा याहून मोठ्या आहेत. मोल्सवर्थने शब्द गोळा केले ते मुख्यतः ब्राह्मण पंडितांच्या मदतीने, आणि दाते मंडळींचं काम पुण्यात बसून झालं. पुणे आणि कोकण यांच्याकडे पारडं झुकलेलं आहे. वऱ्हाड, नागपूर, खानदेश, मराठवाडा यांचे शब्द आहेत, पण त्या भागांतल्या बोलण्याच्या मानाने थोडे. जातींच्या नावांच्या नोंदींत त्या काळची तुच्छता अर्थ म्हणून लिहिलेली आहे. इतिहास म्हणून ती वाचावी, व्याख्या म्हणून उचलू नये. बायकांच्या कामातले शब्द, दळण-कांडण, ओव्या, बाळंतपण यांतले, पुष्कळ आहेत, पण अर्थ बाहेरून बघणाऱ्याचे वाटतात. आणि १९५० नंतरची मराठी, म्हणजे संगणक, दलित साहित्याने छापात आणलेली भाषा, शहरी बोली, हे यात शोधूच नये. शासकीय आणि शास्त्रीय परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत, विषयाच्या माहितीसाठी वाईच्या मराठी विश्वकोशाचं संकेतस्थळ आहे. अनेक जुने मराठी कोश एकाच शोधात बघायचे असतील तर ‘बृहद्कोश’ हे संकेतस्थळ जास्त सोयीचं आहे, त्याची मांडणीही मराठीत आहे. झटपट अर्थाला बृहद्कोश, संपूर्ण मजकुरातल्या बारीक शोधाला शिकागो, अशी वाटणी करावी.

ऐतिहासिक कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. शब्द मोल्सवर्थमध्ये आहे याचा अर्थ तो १८५७ साली चालू होता किंवा ठाऊक होता, एवढाच. शिवकाळात तो होता हे त्याने सिद्ध होत नाही. यादवकाळासाठी तुळपुळे-फेल्डहाउस आहे. मधल्या चार-पाच शतकांसाठी दाते कोशातली अवतरणं बघावीत: शब्दाखाली बखरीचं, पत्राचं किंवा संतकवीचं अवतरण असेल तर काळाचा पुरावा मिळाला; नुसता अर्थ असेल तर नाही मिळाला. व्युत्पत्तीत ‘फा.’ किंवा ‘अर.’ दिसलं म्हणून शब्द टाकायचं कारण नाही. सतराव्या शतकातली दरबारी आणि मुलकी मराठी फारसी शब्दांनी भरलेली होती. उलट, पात्रांच्या तोंडी शुद्ध संस्कृत शब्द घालण्याआधी ते त्या काळातल्या मराठीत सापडतात का, हे बघावं.

लेखात किंवा पुस्तकात संदर्भ देताना ‘शिकागो संकेतस्थळ’ असं लिहू नये. निकालात छापील पानाचा क्रमांक येतो, तो घ्यावा आणि कोशाचं नाव, आवृत्ती, साल व पान असं द्यावं. दात्यांच्या बाबतीत विभाग क्रमांकही. पानाचा क्रमांक वापरून ते सबंध पान उघडता येतं आणि शेजारचे शब्दही दिसतात. मोल्सवर्थचं १९७५ मध्ये पुण्याच्या शुभदा-सारस्वतने केलेलं पुनर्मुद्रण ज्यांच्याकडे आहे, त्यांनी संदर्भ नोंदवताना मूळ सालाबरोबर पुनर्मुद्रणाचं सालही लिहावं, म्हणजे वाचकाला कुठली प्रत उघडायची ते कळेल.